या म्हटलं की

रत्नमालाताई जिना चढून वर आल्या, तेव्हाच मला समजायला हवं होतं की काम साधं नाही. एरवी त्या खालूनच हाक मारतात, "या आप्पासाहेब, चहा झालाय!" आणि मी उतरतो. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. माझं नाव आप्पासाहेब असलं तरी साहेब मी कुठेच नव्हतो. एका सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीशी बसायचो, इतकंच.

"रविवारी पाव्हणे येणार हायेत," त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "दिपालीला बघायला. सोयगावचे हायेत. पोरगा हितं वाळूजला कंपनीत हाय."

"छान झालं."

"तर तेवढा वेळ अंगदला तुमच्यापाशी ठेवून घ्याल का?"

अंगद त्यांचा धाकटा मुलगा, एकोणीस वर्षांचा. डॉक्टरांच्या कागदावर त्याच्या नावापुढे ऑटिझम असं लिहिलेलं आहे. गल्लीत कुणी त्याला भोळा म्हणतं, कुणी मुका म्हणतं. पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावरच्या एक बाई तर त्याच्यावरून लिंबू उतरवून टाका असं सांगून गेल्या होत्या. तो भोळा नाही आणि मुकाही नाही. तो बोलतो, पण आपण बोलतो तसा नाही. मिक्सरचा आवाज त्याला टोचतो, म्हणून कानांवर घालायचे जाड काळे हेडफोन तो गळ्यात बाळगतो. कुणाच्या डोळ्यांत बघायला त्याला आवडत नाही. ते मलाही आवडत नाही, त्यामुळे आमचं बरं जमलं.

संध्याकाळी तो माझ्याकडे येतो. माझ्याकडचा जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतो, पानं अंगठ्याखालून सोडत जातो आणि त्यांचा वारा गालावर घेतो. वाचत नाही. वाचता येतं त्याला, पण त्या पुस्तकाचा खरा उपयोग वारा घेण्याचा आहे असं त्याचं ठरलेलं आहे. सुरुवातीला मला पानं फाटतील अशी भीती वाटली होती. एकही फाटलं नाही.

मी त्याला अहो-जाहो करतो. मी सगळ्यांनाच करतो, अगदी दूध घेऊन येणाऱ्या मुलालाही. ग्रंथालयाच्या खिडकीतली सवय असेल. खरं सांगायचं तर एखाद्याला 'अरे' म्हणायला जी जवळीक लागते, ती मागून घ्यायचं धाडस मला कधी झालं नाही. तर अंगद दारात आला की मी म्हणतो, "या अंगदराव, बसा." त्यामुळे हल्ली त्याला आत यायचं असलं की तोच दाराबाहेर उभा राहून म्हणतो, "या अंगदराव, बसा." त्याचं बोलणं असं आहे. जे वाक्य ऐकल्यावर त्याला हवं ते मिळालं होतं, तेच वाक्य तो जसंच्या तसं परत देतो.

"तशी मी लपवत नाय हो," रत्नमालाताई म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. "आधी पोरगी तर पसंत पडू द्या, मग सांगूच की. मागच्या येळंला अंगद समोरच बसला होता. पाव्हण्यांनी पोहेसुदिक संपवले नायत. बशा तशाच आत आल्या. ते पोहे मी कुणाच्या तोंडात घालू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. पुण्याची नातलग मंडळी त्यांच्याकडे उतरायची बंद झाली होती. बारशाची, मुंजीची बोलावणी आली तरी 'तुम्ही दोघंच या' असं हळूच सांगितलं जायचं. हे सगळं मला त्यांच्या चहाबरोबर तुकड्या-तुकड्यांनी कळलेलं होतं.

"बरं," मी म्हणालो.

'नाही' हा शब्द मला कधी नीट उच्चारता आलेला नाही. मुदत उलटून गेलेलं पुस्तक घेऊन कुणी खिडकीशी आलं, तर चूक माझी असल्यासारखा मीच ओशाळायचो.

"अन् कडी लावून घ्या आतून," त्या जाताना म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दिपाली आली. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिथून परस्पर वरच आली होती, खांद्यावर पर्स तशीच होती.

"आप्पासाहेब, तुम्ही आईला हो म्हणालात?"

"म्हणालो."

"नाही का म्हणाला नाहीत?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"राहू द्या. तुम्हाला विचारण्यात अर्थच नाही." ती हसली आणि पायरीवर बसली. "त्या मुलाशी, प्रणयशी, फोनवर बोललेय मी. बरा आहे. मध्ये मध्ये गप्प बसतो, ते मला आवडलं. अंगदबद्दल सांगायचं अगदी तोंडावर आलं होतं, पण आईनं शपथ घातलीय."

"कुणाची?"

"अंगदचीच. त्याच्या गळ्याची. माझ्या तोंडून शब्द गेला तर त्याला काहीतरी होईल म्हणे. मला पटत नाही हो हे, पण घातली म्हटल्यावर मोडवतही नाही." ती थोडा वेळ पर्सचा बंद ओढत बसली. "ज्या घरी भाऊ मला भेटायला येऊ शकणार नाही, त्या घरी मी जाऊन काय करू? आणि खोटं बोलून गेले, तर तो कधी येणार?"

उत्तर येत नसलं की मी पुस्तकांच्या कपाटाकडे बघतो. तसंच बघितलं. ती उठून खाली गेली.

शनिवारी सोनाजीराव, म्हणजे अंगदचे वडील, कंपनीत पहिल्या पाळीला गेले होते, म्हणून अंगदला त्याच्या केंद्रातून आणायला मी गेलो. तिथे नौशीन मॅडम त्याला शिकवतात. मी चाचरत त्यांना रविवारचं सांगितलं. त्यांना आवडलं नाही, ते चेहऱ्यावर दिसलं, पण त्या मला बोलल्या नाहीत.

"सर, जे काय करणार ते उसको पहले से बताना," त्या म्हणाल्या. "अचानक काही झालं की त्याला त्रास होतो. आधी काय, मग काय, आणि संपलं हे कसं कळणार, तेवढं सांगा. साफ सांगा. गोल गोल नको. आपण लोक फार गोल बोलतो."

घरी आल्यावर मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चित्रं काढली. चित्रकला मला येत नाही. पाहुणे बटाट्यांसारखे आले. वरच्या खोलीत दोन बटाटे, एक चष्म्याचा, एक हेडफोनचा. अंगदला ते चालले.

"खाली पाहुणे येणार," मी बोट ठेवून सांगितलं. "आपण वर बसायचं. पाहुणे गेले की आई खालून 'या' म्हणेल. या म्हटलं की खाली जायचं."

"या म्हटलं की खाली जायचं," अंगद म्हणाला. त्याने ते हुबेहूब माझ्या आवाजात म्हटलं. त्यात मी वाक्याआधी जो लहानसा खाकरा काढतो, तोही होता.

मला स्वतःचं कौतुक वाटलं. इतकं साफ, इतकं सरळ वाक्य मी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

रविवारी दुपारपासून खाली मिक्सर चालू होता. खोबऱ्याची चटणी असावी. अंगदने हेडफोन कानांवर चढवले, शब्दकोश घेतला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. कडी मी लावली नाही. कडीच्या आवाजाने तो दचकतो, हे एक कारण होतं. दुसरंही काही कारण होतं का, ते मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही.

गाडी आली. दारं वाजली, चपला वाजल्या, खालच्या बैठकीतून बोलणं वर यायला लागलं. आमचा जिना त्यांच्या पुढच्या दारालाच लागून आहे, त्यामुळे कान न देताही सगळं ऐकू येतं. तीन माणसं आली होती. प्रणय, त्याचे वडील कडुबा आणि कडुबांची आई दगडाबाई. म्हातारीचा आवाज सगळ्यांत वरचा होता.

"भाकरी येती का गं थापाया?"

"येते," दिपाली म्हणाली. "पण गोल नाही होत."

"मंग कशी होती?"

"नकाशासारखी."

खाली हशा झाला. "होऊ दे," दगडाबाई म्हणाल्या. "खाताना मोडायचीच असती ती. गोल भाकरीनं कुणाचं पोट जास्त भरलंय?"

मला बरं वाटलं. म्हातारी फटकळ होती, पण तिचं बोलणं ऐकून खालचा ताण सैल झाल्यासारखा वाटत होता. मिक्सर केव्हाच थांबला होता. अंगदने हेडफोन काढून गळ्यात घेतले आणि पानांचा वारा घेऊ लागला.

मग कडुबांनी विचारलं, "पोरीला भाऊ-बहीण?"

खाली एक चमचा बशीत वाजला.

"चहा घ्या ना पाव्हणं, गार होऊन राहिला," रत्नमालाताईंचा आवाज आला. "दिपाली, चटणी वाढ गं."

कुणी पुन्हा विचारलं नाही. मी अंगदकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. काही लोकांना वाटतं की त्याच्यासारख्यांना कळत नाही. मला तसं वाटत नाही, पण त्याला काय कळलं हे मला नेहमी कळतं असंही नाही. त्याचा अंगठा पानांवरून पुढे सरकत राहिला. पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खुर्चीत बसलं होतं.

थोड्या वेळाने खुर्च्या सरकल्या.

"चला, निघतो मंग आम्ही," कडुबा म्हणाले. "उजेडाचं पोचलेलं बरं."

"येते गं माय," दगडाबाई म्हणाल्या.

आणि रत्नमालाताई दारात येऊन मोठ्या, आनंदी आवाजात म्हणाल्या, "या हं! या, या."

अंगदने शब्दकोश मिटला. उठून तो कपाटात त्याच्या जागी लावला, कड बाकीच्या पुस्तकांच्या रांगेत आहे ना ते पाहिलं, आणि तो दाराकडे निघाला.

सगळं आयुष्य मी शब्दांच्या शेजारी काढलं. निघालेल्या माणसाला 'जा' म्हणणं अशुभ, म्हणून आपण त्याला 'या' म्हणतो, हे मलाही ठाऊक होतं आणि शब्दकोशालाही. ज्या क्षणी ते आठवायला हवं होतं, त्या क्षणी दोघांनाही आठवलं नाही.

"अंगदराव, थांबा," मी म्हणालो. पण थांबायचं असं आमचं ठरलंच नव्हतं. या म्हटलं की खाली जायचं, हे ठरलं होतं. माझे गुडघे सरळ होईपर्यंत तो जिना उतरून गेला होता.

मी खाली पोचलो तेव्हा दगडाबाईंच्या एका पायात चप्पल होती आणि एक पाय उघडा होता. कडुबा ओट्यावर होते, प्रणय गाडीची किल्ली हातात घेऊन पायरीवर. त्या सगळ्यांच्या मधून वाट काढत, कुणाकडेही न बघता अंगद बैठकीत गेला होता. कडुबा जिथून उठले होते त्याच खुर्चीत बसून त्याने आधी बारीकसा खाकरा काढला.

"या अंगदराव, बसा," तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला.

"ह्यो कोण?" दगडाबाईंनी विचारलं.

रत्नमालाताईंचा पदर हातात गोळा झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा... ह्या वरच्या आप्पासाहेबांचा भाचा हाय," त्या म्हणाल्या. "सुट्टीला आलेला. नाय का हो, आप्पासाहेब?"

सगळे माझ्याकडे वळले. इतके डोळे एकदम माझ्यावर यायची मला सवय नाही. मी जिन्याचा कठडा धरला. दिपाली आतल्या दारात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, शपथ तिथे दिसत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती अंगदकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. ते सोनाजीरावांनी पूर्ण केलं. पाहुणे आल्यापासून त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता.

"आमचा पोरगा हाय," ते म्हणाले. "अंगद. दिपालीचा धाकटा भाऊ. त्याला ऑटिझम म्हणतेत ते हाय. लहानपणापासून."

"मंग मघाशी का नाही दिसला?" दगडाबाईंनी विचारलं.

सोनाजीराव खाली बघायला लागले. रत्नमालाताई भिंतीला टेकल्या. या प्रश्नाला उत्तर देण्यासारखं त्या खोलीत एकच माणूस होतं, आणि त्याने ते दिलं.

"खाली पाहुणे येणार. आपण वर बसायचं. पाहुणे गेले की आई खालून या म्हणेल. या म्हटलं की खाली जायचं." पुन्हा माझा आवाज, पुन्हा माझा खाकरा.

कानाच्या पाळ्या तापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाहुणे आले तेव्हाही रत्नमालाताई दारात 'या, या' म्हणाल्याच असतील. तेव्हा मिक्सरपायी त्याचे कान झाकलेले होते म्हणून आम्ही वाचलो होतो, असंही त्याच वेळी डोक्यात येऊन गेलं. वाचलो हा शब्द बरोबर होता का, कुणास ठाऊक.

दगडाबाई हसायला लागल्या. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज आला.

"म्हंजी मला जा म्हनून ही या म्हनली, अन् आला ह्यो!" त्यांनी पदराने डोळे पुसले. "बरूबर हाय की त्याचं. या म्हनलं की येतंच मानूस. आपनच येडे, जानाऱ्याला या म्हनतो." मग पायातली एक चप्पल त्यांनी काढून टाकली. "मलाबी या म्हनली का नाय गं माय? आले मंग."

आणि त्या आत येऊन अंगदच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. आईच बसल्यावर कडुबांना आत यावं लागलं. ते टेकल्यासारखे बसले. प्रणय दाराशीच उभा राहिला.

अंगद दगडाबाईंच्या बांगड्यांकडे बघत म्हणाला, "तुला चहा हवा का?"

"नको रे बाबा, झाला की मघाशी."

"आजी, तो तुम्हाला नाही विचारत," दिपाली म्हणाली. "त्याला हवाय. आपण त्याला जसं विचारतो ना, तसंच तो मागतो."

"मंग सरळच हाय की मागनं," दगडाबाई म्हणाल्या. "आमच्या घरात जीव चालला तरी नको नकोच म्हनतेत. ह्या कडुबाला इचार."

कडुबांना हसू आलं नाही. त्यांना दोष कसा द्यायचा? ते वाईट माणूस नव्हते. तळव्यावर तळवा घासत, जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं.

"हे... रक्तात असतंय का?"

सोनाजीरावांनी दिपालीकडे पाहिलं आणि मान डोलावली. बाप बोलून गेला होता, आता तिच्यावर शपथ उरली नव्हती. तिने अंगदचा चहा बशीत ओतून गार केला, पुन्हा स्टीलच्या ग्लासात भरला, त्याच्या हातात दिला, आणि मग ती बोलली.

"घराण्यात असू शकतं. कधी कुठेच नसतं आणि एखाद्यालाच असतं. पुढे माझ्या मुलांना नसेलच, असं मी म्हणणार नाही. कुणालाच ते छातीठोक सांगता येत नाही. पण आईनं काही खाल्लं म्हणून झालं, कुणाची नजर लागली म्हणून झालं, असं काही नसतं. आणि ते साथीसारखं येत-जात नाही. अंगद असाच आहे. शिकवलं की शिकतो, त्याच्या पद्धतीनं शिकतो. आम्हालाही बरंच शिकावं लागतं."

"फोनवर का नाही सांगितलं?" दारातून प्रणयने विचारलं. आवाज चढवून नाही, पण त्याला लागलं होतं.

"शपथ होती."

"कुणाची?"

"त्याचीच."

प्रणयने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

कडुबा उठले. "बरं," ते म्हणाले. "आम्ही कळवतो."

हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. 'कळवतो' म्हणाले की कुणी कळवत नाही, आणि मुलीकडच्यांनीही विचारायचं नसतं. मागचे पाहुणे हेच म्हणून गेले होते. रत्नमालाताईंनी डोळे मिटून घेतले.

"कधी?" अंगदने विचारलं.

कडुबा थांबले. इतक्या स्थळांना, इतक्या घरांतून 'कळवतो' म्हणताना त्यांना हे कुणी विचारलं नसणार.

"आं? असंच... चार दिवसांत."

अंगदने ग्लास खाली ठेवला. त्याची बोटं मांडीवर एकेक करून दुमडली. "सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. गुरुवारी."

चार दिवस म्हणजे चार दिवस नसतात, हे त्याला समजावून सांगायला कुणीच पुढे झालं नाही. दगडाबाई मुलाकडे बघत राहिल्या.

"बरं," कडुबा अखेर म्हणाले. "गुरुवारी."

ते गेले. या वेळी रत्नमालाताई दारात आल्या, त्यांनी हात जोडले, पण तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानंतर खालून मला हाक आली नाही. सोमवारी मीच माझा चहा केला. मंगळवारीही केला. तो वाईट झाला होता. दिपाली जिन्यात भेटली की हसायची, पण घाईत असायची. रत्नमालाताई ओट्यावर डाळ निवडत बसलेल्या असल्या, तर मी पेपर आणायला जायचं टाळायचो. त्यांनी माझ्यावर एक काम सोपवलं होतं आणि मी ते निभावलं नव्हतं. शिवाय ते 'नाही' म्हणायचा मला काय अधिकार होता? मुलगी त्यांची, मुलगा त्यांचा, घर त्यांचं. कादंबऱ्या वाचून माणसाला वाटतं की खरं बोललं की काहीतरी चांगलं होतं. कादंबरीतल्या माणसांना दुसऱ्या दिवशी त्याच जिन्यातून जायचं नसतं. खोली सोडून दुसरीकडे बघावी का, असंही मनात येऊन गेलं.

अंगद मात्र रोज आला. "या अंगदराव, बसा," दाराबाहेरून म्हणाला. "या अंगदराव, बसा," मी म्हणालो. तो वारा घेत बसला. एकदा पानं सोडता सोडता म्हणाला, "गुरुवारी." मी म्हणालो, "हो, गुरुवारी." आणि मग मला भीती वाटली. गुरुवारी काहीच झालं नाही, तर मी त्याला काय सांगणार? लोक बोलतात ते तसं नसतं, हे त्याला साफ, सरळ वाक्यात कसं सांगायचं? नौशीन मॅडमना विचारावं असं ठरवलं आणि विचारायचं राहून गेलं.

गुरुवारी तो वर आलाच नाही. संध्याकाळी मी जिन्यातून डोकावलो. त्याने कडुबा बसले होते ती खुर्ची बैठकीतून ओढून पुढच्या दाराशी आणून ठेवली होती आणि तिच्या शेजारी तो उभा होता. रिकामी खुर्ची, आणि तिच्या पाठीवर त्याचा एक हात. रत्नमालाताई आतून म्हणाल्या, "अंगद, ठेव रे ती खुर्ची जागेवर. कुणी येत नसतं बाबा." त्याने ठेवली नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही.

वाळूजच्या कंपन्यांतल्या कामगारांची बस कोपऱ्यावर थांबते. सोनाजीराव त्याच बसने येतात. त्या दिवशी त्यांच्या मागून आणखी एकजण उतरला. खांद्यावर बॅग, अंगात निळा कंपनीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर दिवसभराच्या पाळीचा शीण. तो प्रणय होता. दोघं गल्लीतून बरोबर चालत आले.

प्रणय दारात थांबला.

"या, बसा," अंगद म्हणाला. या वेळी स्वतःचं नाव त्याने वगळलं होतं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

प्रणय बसला. रत्नमालाताई लगबगीने बाहेर आल्या, पदर सावरत, चेहऱ्यावर आशा आणि भीती एकदमच घेऊन.

"बाबांचं अजून ठरत नाहीये," त्याने आधीच सांगून टाकलं. "आजी रोज भांडतेय त्यांच्याशी. काय होईल ते मला नाही सांगता येत. माझं म्हणाल तर..." तो थांबला. आतल्या दारात दिपाली आली होती, दुकानातून नुकतीच परतलेली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "माझं मी दिपालीशी बोलेन. पण गुरुवार म्हणालो होतो ना आम्ही. म्हणून आलो."

"हां," अंगद म्हणाला. एवढंच. पण खुर्चीच्या पाठीवरून त्याने हात काढला, आणि मग आत जाऊन तो आपल्या नेहमीच्या जागी जमिनीवर बसला.

मी जिन्यातून परत वर आलो. शब्दकोश कपाटातून काढला, पुन्हा ठेवला. खाली कपांचा आवाज झाला. मग हाक आली.

"या आप्पासाहेब, चहा झालाय!"

मी उतरलो. रत्नमालाताईंनी माझ्या हातात कप दिला आणि माझ्याकडे बघितलं नाही. साखर नेहमीसारखी जास्त होती. बैठकीत बोलणं असं फारसं झालंच नाही. प्रणयने पाळ्यांबद्दल सांगितलं, सोनाजीरावांनी उन्हाबद्दल. दिपालीने पोहे आणि चटणी पुढे केली, आणि प्रणयने बशी पुसूनच ठेवली. अंगदने एकदा विचारलं, "तुला चहा हवा का?" प्रणय क्षणभर थांबला, मग उठून त्याने स्वतःच्या हाताने अंगदचा ग्लास भरला. तो बशीत गार करायचं त्याला माहीत नव्हतं. दिपालीने सांगितलं, तसं त्याने केलं. थोडा सांडला.

निघायची वेळ झाली. प्रणयने बॅग खांद्याला लावली.

"येतो," तो म्हणाला.

रत्नमालाताईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. 'या' म्हणावं, तर अंगद उठेल. 'जा' म्हणावं, तर दारातल्या माणसाला तसं म्हणायला जीभ धजत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला शब्दांतलं कळतं, असा त्यांचा अजूनही समज असावा. मी कप बघत राहिलो.

"जाऊन या," सोनाजीराव म्हणाले.

"व्हय," रत्नमालाताई सुटका झाल्यासारख्या म्हणाल्या. "जाऊन या."

अंगद जमिनीवरून उठला नाही. त्याने मान तेवढी वर केली.

"कधी?"

प्रणय पायरीवर थांबला. चपलेचा पट्टा लावता लावता त्याने दिपालीकडे पाहिलं आणि मग अंगदकडे वळून, गोल गोल न बोलता सांगितलं.

"रविवारी."